सपाट रेघ

आमच्या आईला कशाचीही भीती वाटत नाही, हे सरकारदरबारी यंत्रानं सिद्ध झालं, आणि त्याच दिवशी तिचा अर्ज फेटाळला जायच्या वाटेला लागला.

आईचं नाव शालन तोडकर. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात घाटातल्या गाड्यांवर गेली. बायका कंडक्टर नव्यानं दिसू लागल्या होत्या तेव्हाची ती. मुक्कामी गाडीत एकदा एका झिंगलेल्या इसमानं तिच्यासमोर कोयता धरला, तर तिनं त्याला शांतपणे सांगितलं की कोयत्याचं लगेज तिकीट वेगळं काढावं लागंल. तो इसम म्हणे खिसे चाचपू लागला. हा किस्सा आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याला ऐकवला जायचा. ऐकवणारा नेहमी माझा भाऊ असायचा आणि सांगताना त्याची छाती फुगायची. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं त्याच्याबद्दल फारसं चांगलं लिहायला मिळणार नाही.

भावाचं नाव धैर्यशील. आईनं हौसेनं ठेवलेलं.

तर यंत्राबद्दल. आईवडिलांचा छळ होतो, त्यांना उपाशी ठेवतात, घरं लिहून घेतात, यासाठी कायदा जुनाच आहे. प्रांताच्या कचेरीत त्याचं न्यायाधिकरण बसतं, वकिलांना तिथं मज्जाव असतो, ज्यानं त्यानं आपलं गाऱ्हाणं आपल्या तोंडानं मांडायचं. अडचण नेमकी तिथंच होती. म्हातारं माणूस अर्ज करायचं, तारखेला मुलगा त्याला हाताला धरून आणायचा, पाठीशी उभा राहायचा, आणि विचारलं की म्हातारं सांगायचं, सगळं बरं आहे हो, पोरगा लाखात एक आहे. प्रकरण मिटलं. घरी जाऊन काय होत असेल ते कुणी बघायचं?

मग एका प्रयोगशाळेतल्या दोन संशोधक बायकांनी नखात डोकं घातलं. माणूस घाबरला, ताणाखाली आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं एक रसायन रक्तात सोडतं. नख मुळाशी तयार होत असताना त्या वेळच्या रक्तातला थोडा अंश त्यात अडकतो आणि नखाबरोबर पुढं सरकत जातो. म्हणजे अंगठ्याच्या नखाचं टोक हे गेल्या सहाएक महिन्यांपूर्वीचं, आणि मूळ हे कालपरवाचं. अंगठा यंत्रात घातला की ते नखाच्या लांबीभर केसाएवढी पातळ साल काढतं, दुखत नाही, आणि दहा मिनिटांत पडद्यावर रेघ उमटते. माणूस तोंडानं काहीही म्हणो, नख सांगतं की श्रावणात हा जीव घाबरलेला होता आणि दिवाळीत त्याहून जास्त.

या तपासणीनं, म्हणजे नखलेखानं, पहिल्या वर्षात किती म्हाताऱ्यांना वाचवलं त्याला गणती नाही. मी त्या यंत्राला नावं ठेवणार नाही. पण सरकारी गोष्टीचं कसं असतं, सोय झाली की तिचा नियम होतो. हजारो लोकांची नखं तपासून तज्ज्ञांनी एक मर्यादा ठरवली. रेघ मर्यादेच्या वर गेली तर छळ झालाच असं गृहीत धरायचं आणि मुलांनी खुलासा द्यायचा. खाली राहिली तर अर्ज पहिल्याच तारखेला निकाली. प्रकरणं भराभर हातावेगळी होऊ लागली. सगळे खूश.

लोक तर त्याहून हुशार. नखात सहा महिनेच मावतात हे कळल्यावर घरोघरी सहा महिन्यांचे लाड सुरू झाले. तारीख जवळ आलेली म्हातारी ओळखू यायची. तिला अष्टविनायक घडत असायचा, मऊ साडी असायची, नातवंडं पाय चेपत असायची. आमच्या गल्लीतली एक आजी म्हणायची, दरवर्षी अर्ज करावा म्हणते, तब्येत सुधारते.

आई राहत होती ते घर तिनं फंडाच्या पैशांनी बांधलेलं. गुडघे गेल्यावर तिनं ते धैर्यशीलच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं, त्यात स्वच्छ लिहून घेतलं की सांभाळ करण्याच्या अटीवर. त्यानंतर घरात काय काय झालं ते मला फार उशिरा कळलं, कारण मी मिरजेला असते आणि आई फोनवर स्वतःबद्दल बोलत नाही, हवेबद्दल बोलते. मग तिचा फोनच लागेना. केतकीवहिनी म्हणायची, बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय. एका रविवारी मी न सांगता गेले. आई खाली, जिथं पूर्वी स्कूटर लावायचे त्या खोलीत बसलेली. स्वयंपाकघराला आकड्यांचं कुलूप होतं, ते आकडे तिला सांगितलेले नव्हते. दिवसातून एकदा दारात डबा ठेवला जायचा. चहा नव्हताच. चष्म्याची एक काडी तुटून महिने झाले होते, तो तिनं दोऱ्यानं कानाला बांधला होता. वहिनी जिन्यावरून कुणाला तरी फोनवर सांगत होती, की खाली पार्सल आहे ना, गावाला कसं येणार.

मी रडायला लागले. आई म्हणाली, आधी कुठंतरी चहा पाजतीस का?

अर्ज तिनं स्वतः केला, माझी फक्त सोबत. तारखेला धैर्यशील इस्त्रीचा शर्ट घालून आला. आईनं अंगठा यंत्रात घातला. मी डोळे मिटून बसले होते, उघडले तर पडद्यावर एक रेघ होती, टोकापासून मुळापर्यंत सपाट. तळाला, मर्यादेच्या कितीतरी खाली. यंत्र चालवणाऱ्या मुलीनं दुसरा अंगठा घ्यायला लावला. तीही सपाट. निवांत झोपलेल्या बाळाची रेघ अशी असते, असं ती म्हणाली, आणि मग तिला वाटलं की आपण काहीतरी चुकीचं बोललो.

प्रांत मुजावर मॅडम वयानं माझ्याहून लहान, चेहरा थकलेला. त्यांनी नियम वाचून दाखवला. फेरतपासणी मागायला मुदत असते, ती मागा, नाहीतर पुढच्या तारखेला अर्ज निकाली काढावा लागेल. धैर्यशीलनं बाहेर पडताना मला सांगितलं, बघितलंस, आई मजेत आहे.

मी त्यानंतर जे मिळेल ते वाचत सुटले. शाळा माझी बारावीला सुटली, पण मोबाईलवर सगळं मिळतं आणि डोकं कुणी कुलपात ठेवलेलं नाही. कळलं ते असं, की काही शरीरं वेगळी घडतात. वर्षानुवर्षं दंगा, शिव्या, वळणावळणाचा रस्ता, मागून ढकलणारी गर्दी यांत काढली की ती आवाज चढल्यावर तापत नाहीत, उलट थंड पडतात. त्यांना वाईट वाटत नाही असं नाही. फक्त ते नखापर्यंत पोचत नाही. तज्ज्ञांनी मर्यादा ठरवली तेव्हा अशी माणसं सरासरीत मिसळून गेली होती. आईसारखी थोडकी माणसं म्हणजे हिशोबातली किरकोळ चूक.

कचेरीबाहेर पोवार नावाचा माणूस बाकड्यावर बसलेला असतो. त्याला सगळे नखवाले पोवार म्हणतात. त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. कॉर्टिसॉलचीच गोळी मिळते, ताई. दम्याला, सांध्याला डॉक्टर देतातच. दोन महिने द्यायची, फेरतपासणी मागायची, मुळाकडं रेघ अशी चढते की प्रांत स्वतः घाबरतील. त्याच्याकडं दुसऱ्या बाजूचं गिऱ्हाईकही असतं, त्यांना तो रेघ उतरवून देतो. मी पुडी घेऊन आले. खोटं कशाला सांगू, मला ती पुडी देवाच्या अंगाऱ्यासारखी वाटत होती.

आईला सगळं सांगितलं. तिनं पुडी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, ह्यानं काय हुतंय?

मी म्हणाले, तू घाबरलीस असं दिसेल.

"कुणाला?"

"दादाला घाबरलीस असं."

आईनं पुडी माझ्या पिशवीत परत ठेवली आणि पिशवीची चेन लावली.

"मी त्याला न्हाऊ घातलंय गं. त्याला भ्याले असं सरकारी शिक्क्यानिशी लिहून द्यायचं, आणि त्या बदल्यात घर घ्यायचं? त्यापेक्षा स्कूटरच्या खोलीत बरी हाय मी."

मला तिचा राग आला. मी म्हणाले, ताठा घेऊन बस, घर गेलं की कळेल. आणि ती म्हणाली, घर पाहिजेच हाय मला. माझ्या पैशाचं हाय. पण रडून न्हाई मागणार.

पुढच्या तारखेपर्यंत ती माझ्याकडं मिरजेला होती. सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसायची आणि ओठ हलवत काहीतरी जुळवायची. मी विचारलं तर म्हणायची, कामाचं बोलणं हाय, मधी बोलू नको.

तारखेला मॅडमनी विचारलं, फेरतपासणी मागताय ना? आई उभी राहिली. मागत न्हाई म्हणाली. पहिली रेघ खरी हाय. मला भ्या वाटत न्हाई. धैर्यशीलनं वहिनीकडं बघितलं, काम झालं अशा नजरेनं. मॅडमनी पेन उचललं, तेव्हा आई म्हणाली, एक विचारायचं होतं.

"समजा माझ्या गाडीत एक पाशिंजर हाय. तिकीट काढलेलं, सीटवर बसलेला. आडरानात मी गाडी थांबवली आणि त्याला उतरवला. तो रडला न्हाई, ओरडला न्हाई. गपचूप उतरला, रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभा ऱ्हायला. मग साहेबांनी मला विचारलं तर मी काय सांगायचं? तो रडला न्हाई, म्हंजे मी त्याला उतरवला ते बरोबर?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

आई म्हणाली, माझं तिकीट म्हंजे बक्षीसपत्र. त्यावर सांभाळ लिहिलंय. भ्याली तर सांभाळ, असं लिहिलेलं न्हाई. मी वाचूनच सही केली हाय.

इथं धैर्यशील शांत बसला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण वहिनीनं त्याला पढवून ठेवलं होतं. त्यानं उभं राहून प्रतिअर्ज दिला, की छळ आपलाच होतोय. आई बोलायची नाही, टोचून बघायची, आपल्याला घरात जीव नकोसा झालाय, आणि नियमाप्रमाणं कुणाही पक्षकाराचं नख तपासता येतं, तर आपलं तपासावं. कुठलाही शहाणा माणूस हे करणार नाही. पण आमच्याकडं माणसाला यंत्राचा कौल आपल्याच बाजूनं लागणार याची इतकी खात्री असते, की तो आपणहून अंगठा पुढं करतो.

त्याची रेघ टोकाला खाली होती. मग ती चढू लागली आणि मर्यादेच्या वर जाऊन तिथंच राहिली, मुळापर्यंत, कालपरवापर्यंत. धैर्यशील म्हणाला, बघा. वहिनी म्हणाली, आम्ही सांगत नव्हतो? नियमाच्या भाषेत बोलायचं तर त्या खोलीत छळ झालेला एकच माणूस होता, आणि तो माझा भाऊ.

मॅडम पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. रेघ चढायला लागते तिथं त्यांनी बोट ठेवलं. हा अंदाजे श्रावण महिना, त्या म्हणाल्या. श्रावणात घरात काय झालं?

काही नाही, धैर्यशील म्हणाला.

मॅडम तशाच उभ्या. वहिनीनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. पडद्यावरच्या स्वतःच्या रेघेकडं बघत होता, आणि मला तो एकदम दहावीच्या निकालाच्या दिवशी दिसला होता तसा दिसला.

"कुलूप लावलं," तो म्हणाला.

"कशाला?"

"स्वयंपाकघराला. मी लावलं."

"मग भीती तुम्हाला कसली वाटते?"

त्यानं तोंडावरून हात फिरवला. म्हणाला, ओरडली नाही ती. मला वाटलं होतं भांडेल, शिव्या घालेल, गल्ली गोळा करेल. एकदाही नाही. डबा ठेवायला गेलं की नुसती माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, ठेव. रोज. आज तरी काही बोलेल असं वाटायचं, आज तरी कुणाला सांगेल, आणि ती म्हणायची, ठेव. आता ती मिरजेला आहे, तरी ते कानातून जात नाही.

वहिनी म्हणाली, अहो, काय बोलताय तुम्ही. तो थांबला नाही. फोन मीच काढून घेतला म्हणाला, चष्म्याचंही माहीत होतं. आईपुढं पाण्याचा ग्लास होता, तो तिनं एका बोटानं त्याच्याकडं सरकवला, त्याच्याकडं न बघता, समोर मॅडमकडंच बघत. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकी चीड आली, की दोन्हींतलं कुठलं जास्त होतं ते आजही सांगता येणार नाही.

मॅडमनी आदेश तिथंच सांगितला, टाइप करणारा टाइप करत होता. बक्षीसपत्र सांभाळाच्या अटीवर झालं, अट मोडल्याचं मुलानं स्वतः कबूल केलं, सबब बक्षीसपत्र रद्द, घर अर्जदाराचं. दोघांचेही नखलेख निकालासाठी विचारात घेतलेले नाहीत. पुढं त्यांनी एक वाक्य घातलं, की कायद्यानं वृद्ध व्यक्तीला निवारा, अन्न आणि मान यांचा हक्क दिला आहे. तो मिळवण्यासाठी तिनं भ्यालेलं असणं आवश्यक नाही.

टाइप करणाऱ्यानं नेहमीच्या सवयीनं सुरुवातीला लिहिलं होतं, पीडित श्रीमती शालन तोडकर. आईनं दोरा बांधलेला, मला बदलू न दिलेला चष्मा नाकावर चढवून वाचलं आणि तो शब्द काढायला सांगितला. मॅडम म्हणाल्या, छापील नमुन्यातच आहे तो, आजी. आई म्हणाली, नमुना बदला मग, मला घाई न्हाई. आम्ही अर्धा तास थांबलो. नवीन कागद आला, त्यावर नुसतं अर्जदार होतं. मग तिनं सही केली, लांबलचक, शेवटी ठिपका देऊन.

त्या आदेशाचं पुढं बरंच काही झालं. दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक त्याची नक्कल मागू लागले. कळलं की सपाट रेघेची माणसं बरीच आहेत. एक निवृत्त परिचारिका होती, मनोरुग्णालयात नोकरी केलेली. एक विहिरीत सुरुंग लावणारे आजोबा. एक बाई तर चार सवतींच्या घरात नांदलेल्या. कुणाचा अर्ज दोन वर्षांपूर्वी फेटाळलेला, कुणाचा मागच्या महिन्यात. आईला भेटायला यायचे आणि दारातूनच सांगायचे, मी पण सपाट. ते सांगताना त्यांची मान अशी असायची की बघणाऱ्यानं उठून उभं राहावं. दीड वर्षानं सरकारनं नियम बदलला. नखलेख आता पुरावा म्हणून दाखल करता येतो, पण नुसत्या रेघेवर कुणाचा अर्ज निकाली काढता येत नाही. पोवारनं बाकडं हलवलं. हल्ली तो दाखले काढून देतो.

पण हे नंतरचं. आदेश झाला त्या आठवड्यात आई घरी आली. वहिनी आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. कुलूप काढलेलं होतं, दाराला चार भोकं राहिली होती. आईनं सगळे डबे उघडून बघितले, साखर कुठं ठेवलीय म्हणून स्वतःशीच कुरकुरली, आणि चहा ठेवला. धैर्यशील वरच्या मजल्यावर होता. जिन्यावर त्याचे पाय वाजायचे आणि मध्येच थांबायचे.

दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला वर बोलावून विचारलं, आई आम्हाला काढणार आहे का? मी म्हणाले, मी असते तर त्याच दिवशी काढलं असतं. आणि हे अगदी मनापासून म्हणाले. खाली येऊन आईला निरोप दिला, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, त्याला तोंड हाय.

तो संध्याकाळी खाली आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला, आत आला नाही. नजर फरशीवर. मी उठून जाऊ लागले, तर आईनं मला बसायची खूण केली. त्यानं तोच प्रश्न विचारला, तोही फरशीलाच.

आईनं पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

"तुला काढायला तुझी भीती वाटायला पाहिजे मला," ती म्हणाली. "ती काय वाटत न्हाई. ऱ्हायचं का जायचं ते तुझं तू बघ. पण ह्या घरात मला काही विचारायचं असंल तर माझ्याकडं बघून विचारायचं. आता परत विचार."

पातेल्यातलं दूध एकदा वर येऊन खाली बसलं. आई ओट्याला टेकून उभी होती, हात पदराला पुसत, तिला कुठंच जायचं नव्हतं. मग त्यानं मान वर केली.